सात नंबरच्या खाटेची बातमी

जगदीशराव, या वेळी मी जिना चढून वर आले. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीत सुनंदावहिनी खुर्चीत बसल्या होत्या, डॉक्टर कागदावर वेळ लिहीत होते आणि तुमचा चष्मा उशीपाशी पडला होता. मी तुमच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग वहिनींना विचारलं, "नाव पूर्ण कसं लिहायचं?" रडता रडता त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला माहीत नाही होय गं?" माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं. पण गेलेल्या माणसाचं नाव घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, आणि अकरा दिवसांपूर्वी मी नेमकं तेच केलं नव्हतं.

अकरा दिवसांपूर्वी तुम्ही गेल्याची खोटी बातमी सगळ्या बडोद्यात फिरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती पहिल्यांदा कुणी सोडली हे मात्र कुणाला ठाऊक नाही. तुम्ही मला सरळ विचारलंत आणि मी तुम्हाला सरळ उत्तर दिलं नाही. आता तुमच्यावर जे लेख येतील त्यांत तुम्ही ध्येयनिष्ठ असाल, दीपस्तंभ असाल, नव्या पिढीचे मार्गदर्शक असाल. येऊ देत. मला त्या ओळीत उभं राहायचं नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय आणि त्यात या खेपेला चूक माझी आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. गुजराती दैनिक, तुम्ही शहर आवृत्तीचे प्रमुख, मराठी माणूस, दिवसभर गुजरातीत लिहिणारा आणि शिव्या तेवढ्या मराठीत देणारा. ऑफिस तुम्हाला जगदीशभाई म्हणायचं, मी जगदीशराव. पहिल्याच दिवशी तुम्ही माझं आडनाव विचारलंत आणि हसलात. "म्हणजे तुमचे पणजोबा सरकारी कचेरीत कारकून. आमचे फौजेत शिपाई. कारकून काय करतो, साहेबाने सांगितलं ते उतरवून घेतो. शिपायाला जाऊन बघावं लागतं. तुला शिपाई व्हायला वेळ लागेल, बेन." मला इतका राग आला की संध्याकाळी घरी येऊन मी बाबांनाच विचारलं, पणजोबा खरंच नुसतं उतरवून घ्यायचे का? बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नव्या माणसाला तुम्ही सगळ्यात आधी अवसान नोंधी, म्हणजे निधनाच्या छोट्या बातम्या, द्यायचात. मला वाटायचं, हे काय काम झालं? कोण गेलं, वय किती, बेसणं म्हणजे शोकाची बैठक कुठे आणि किती वाजता. पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. डभोईच्या एका वृद्ध गृहस्थांच्या नोंधीत त्यांच्या मुलाचं नाव गेलेल्याच्या जागी छापून आलं. तुम्ही ओरडला नाहीत. कोरा कागद पुढे ठेवलात. "सुधारणा तूच लिही. आणि छापायच्या आधी डभोईला जाऊन त्यांच्यासमोर वाचून दाखव." तो तुमचा कायदाच होता. ज्याने चूक केली त्याने सुधारणा लिहायची, ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन मोठ्याने वाचायची, तो हो म्हणाला तरच छापायची. एसटीने गेले. अंगणात सफेद कपड्यातली पंचवीस माणसं बसलेली. मी उभी राहून वाचलं. ज्याला मी मारलं होतं तो मुलगा, चांगला पन्नाशीचा, उठून आला आणि म्हणाला, "बेन, जरा जोरथी वांचो, पाछळवाळाने संभळातुं नथी." मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून मला ती माझी चूक पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. त्यानंतर तुमच्या पेपरात असेपर्यंत माझ्या हातून एक नाव चुकलं नाही.

पुढे मी पेपर सोडला आणि एका खासगी हॉस्पिटलात मीडियाचं काम बघू लागले. तुम्ही मला 'पलीकडची' म्हणू लागलात. सुरुवातीला मी प्रेसनोट टाइप करायची, आमचा शिपाई स्कूटरवरून पाकिटं वाटायचा आणि तुम्ही पाकीट फोडल्या फोडल्या फोन करायचात. "यात डॉक्टरांची नावं आहेत, पेशंट कुठेय? त्याला विचारलंस का, नाव छापू म्हणून?" तुमचा फोन येईपर्यंत मी जेवायला बसायची नाही. आता पाकीट नाही आणि फोनही नाही. माझा एक ग्रुप आहे. त्यात शहरातले सगळे पेपरवाले, चॅनेलवाले, पोर्टलवाले. मी मजकूर टाकते, वर मथळाही मीच देते, फोटो देते, आणि चहा संपायच्या आत तो ठिकठिकाणी जसाच्या तसा झळकतो, माझ्या चुकांसकट. खाली अंगठे येतात. प्रश्न येत नाहीत.

यावरून आपण किती भांडलो! तुम्ही निवृत्त झालात, पण भांडणातून नाही. अकोटा भागातल्या तुमच्या घराच्या गॅलरीत, वहिनींच्या शेवखमणीच्या बशा समोर ठेवून. "पूर्वी बातमीदार दाराबाहेर उभा राहायचा आणि आतला माणूस घाबरायचा. आता आतला माणूस ग्रुपवर टाकतो आणि बाहेरचा थँक्यू मॅडम म्हणतो." मीही काही कमी नव्हते. म्हटलं, तो थँक्यू म्हणतो कारण त्याला दिवसभरात तीस बातम्या टाकायच्या असतात, एकट्याने, एका फोनवर, पेट्रोल स्वतःचं घालून. त्याला कुणी डभोईला पाठवत नाही, कारण पाठवणारा तुमच्यासारखा माणूसच त्याच्या ऑफिसात नाही, ऑफिसच नाही. आणि विश्वामित्री नदीचं पाणी अकोट्यात शिरलं तेव्हा कोणता पेशंट कुठे हलवलाय हे माझ्या ग्रुपमुळेच तासाभरात घरोघरी कळलं. तुमचा पेपर दुसऱ्या दिवशी आला असता, तोही भिजून. तुम्ही बशी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "ते खरं." ते तुम्ही म्हणालात याची नोंद राहू दे, नाहीतर लोकांना वाटेल तुम्ही नव्या जमान्यावर नुसते चरफडत होतात.

आता त्या दिवसाबद्दल.

तुम्हाला आमच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. अतिदक्षता विभागात, सात नंबरच्या खाटेवर. मी दिवसातून दोनदा काचेतून बघून जायचे. आणि जगदीशराव, दुसऱ्याच दिवशी मी तुमचा मृत्युलेख लिहून ठेवला. पेपरात मोठ्या माणसांचे लेख आधी तयार ठेवतात, तुम्हीही ठेवायचात. पण माझं कारण वेगळं होतं. तुमच्यावर पहिला मजकूर दुसऱ्या कुणी लिहू नये, एवढीच हाव होती. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही सुधारलात, तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. मला ते कळलं नव्हतं. दुपारी वॉर्डातून मेसेज आला, सात नंबर गेले. मी डोळे पुसले, तयार मजकूर काढला आणि ग्रुपवर टाकला. दोन मजले चढले नाही. अकोट्याला वहिनींच्या फोनवर एक घंटी दिली नाही. भीती वाटली म्हणावं तर तीही होती. पण घाई जास्त होती.

माझ्या नंबरावरून आलेली बातमी. कोण शंका घेणार? पंधरा मिनिटांत तुमचा फोटो, खाली दिवा, खाली 'ॐ शांति'. वरून तुमच्या मजल्यावरची नर्स धापा टाकत खाली आली तेव्हा मला कळलं. मी माझा मेसेज पुसून टाकला. सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो, ही आमच्या काळाची सोय. पोर्टलांनी आपापल्या पोस्टी पुसल्या. 'बातमी चुकीची होती' असं एकानेही लिहिलं नाही. आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्याला हॉस्पिटल चालवायचंय. "आपणा तरफथी कंई गयुं ज नथी. बस, एम ज राखवानुं." आपल्याकडून काही गेलंच नाही, असंच ठेवायचं. आणि मी मान हलवली.

संध्याकाळी तुमचा फोन आला. आवाज बारीक, पण खोड तीच. "माधवी, मी जिवंत असल्याचा खुलासा कुठल्या पत्त्यावर पाठवू?" मी रडायलाच लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नको. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. सगळ्यांच्या श्रद्धांजल्या वाचल्या मी. तो आपला जाहिरातवाला, जन्मभर मला आडमुठा म्हणायचा, आज मी 'मृदुभाषी' झालोय. आता त्याच्यासाठी तरी मरावं लागेल." मी हसले. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो दिवसभरात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही. "बरं, मी नाही गेलो. मग सात नंबरवर गेलं कोण?"

तुम्ही वाचलात म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. त्या खाटेवर खरंच एक माणूस गेला होता, याचं कुणाला काही नव्हतं. मी रजिस्टर बघितलं. सावली गावाकडच्या कारखान्यात फिटर होते, नाव रमणभाई. तुम्ही म्हणालात, "घरी फोन कर. नोंध द्यायचीय का विचार." मी केला. त्यांच्या मुलीने फोन घेतला. म्हणाली, "कोईए पूछ्युं ज नहोतुं, बेन." कुणी विचारलंच नव्हतं. रमणभाईंची चार ओळींची नोंध दुसऱ्या दिवशी एका पेपरात आली, बेसण्याच्या वेळेसकट, नाव तिने सांगितलं तसं. अंथरुणावर पडून, नाकात नळी असताना, तुम्ही तुमचं काम केलंत. त्या दिवशी शहरात तेवढंच काम झालं.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी वर आले तेव्हा तुम्ही हसत नव्हतात. पादरा गावाहून अक्का येऊन गेल्या होत्या, तुमच्या थोरल्या बहीण, ऐंशी पार केलेल्या. त्यांच्या नातवाच्या फोनवर ती बातमी आली होती. अक्कांनी अंगावर पाणी घेतलं, सुतकाची अंघोळ केली आणि चुलीकडे पाठ करून बसल्या. 'मामाआजोबा जिवंत आहेत' असं नातू फोन दाखवून सांगत होता आणि अक्का म्हणत होत्या, "त्याच फोनने मेला म्हणून सांगितलं ना? मग आता त्याचं ऐकू?" दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. शेवटी रिक्षा करून त्यांना तुमच्यापुढे आणून उभं केलं, तुमच्या तोंडावरून हात फिरवल्यावर त्यांनी चूळ भरली. हे सांगून तुम्ही मला विचारलंत, "पहिली कुणी टाकली गं?"

मी म्हटलं, "ग्रुपवर फिरत होती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खिडकीकडे तोंड केलंत. तुम्हाला कळलं होतं. माझी वाक्यं तुम्हाला ओळखता येत नाहीत? त्या गुजराती मृत्युलेखातही 'कडक आणि कनवाळू' असं लिहिलं होतं मी, आणि बडोद्यात 'कनवाळू' हा शब्द माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

नंतर दोन दिवसांनी तुम्ही एकदम म्हणालात, "तो भोपळा अर्ध्या कॉलममध्ये बसला असता."

भोपळा म्हटल्याबरोबर माझे कान तापले. मी पेपर का सोडला ते आपण दोघांनी कधी उच्चारलं नव्हतं. एका बांधकामवाल्याच्या नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर आगीची लाल पेटी होती. मी पेट्या उघडून पाहिल्या. आत नळी नव्हती. दोन पेट्यांत झाडू होते. फोटोसकट बातमी दिली. शिपाई होऊन, जाऊन, बघून. त्या माणसाची शेवटच्या पानावर रोज जाहिरात असायची. बातमी आली नाही. "जागा नव्हती," तुम्ही म्हणालात. आणि माझ्या जागेवर पादऱ्याच्या बाजारात आलेला एक अजस्र भोपळा होता, तीन कॉलम, शेजारी हसणारा व्यापारी. मी चार महिन्यांनी राजीनामा दिला. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

"जागा होती, माधवी," तुम्ही म्हणालात. "मालकाचा फोन आला आणि मी घाबरलो. तुला सांगायला पाहिजे होतं. तुझ्या घरी येऊन सांगायला पाहिजे होतं." एवढं बोलून तुम्हाला दम लागला. तुमची सुधारणा तुम्ही वाचून दाखवलीत, वीस वर्षांनी, ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडावर. मग माझ्याकडे बघत थांबलात. पाळी माझी होती. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात नर्स ताप बघायला आली आणि मी उठले. नर्सचं निमित्त. ती दोन मिनिटांत गेली असती. मला थांबता आलं असतं.

आज सकाळी तुम्ही खरंच गेलात. साहेबांनी मला सांगितलं, "हवे मोकलो, पण सारुं लखजो." आता पाठवा, पण चांगलं लिहा. मी लिहिलं. बातमीच्या वर सुधारणा लिहिली. ती बघून त्यांनी पेन उचललं आणि सुधारणेवर उभी रेघ मारली. "जवा दो ने, बेन. जे भुंसाई गयुं ए भुंसाई गयुं. हवे कोने याद छे?"

जे पुसलं ते पुसलं, आता कुणाला आठवतंय! अक्कांना आठवतंय. पुसलं म्हणजे झालंच नाही, असं म्हणायची ही जी नवी रीत निघालीय ना, तिच्याविरुद्ध मी एकटी काय करणार, हे मला ठाऊक आहे. काही नाही करणार. पण माझी चूक मी पुसू देणार नाही. तेवढी माझी आहे.

कागद घेऊन मी अकोट्याला गेले. घरात माणसं जमत होती. वहिनींना आतल्या खोलीत नेलं आणि उभी राहून वाचून दाखवलं. गुजरातीत होतं, इथे मराठीत देते: "अकरा दिवसांपूर्वी जगदीशराव यांच्या निधनाची बातमी या ग्रुपवर मी टाकली होती. ती खोटी होती. ते त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर जागे होते. मी त्यांच्या घरी फोन केला नाही, वर जाऊन पाहिलं नाही. नंतर मी ती बातमी पुसली आणि कुणी टाकली हे लपवलं. याबद्दल मी दिलगीर आहे, त्यांच्या कुटुंबाची दिलगीर आहे. जगदीशराव आज सकाळी गेले. हे मी स्वतः पाहून लिहिते आहे." खाली माझं नाव आणि हुद्दा.

वहिनी माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं. "दिलगीर दोनदा आलंय. एक काढ." चाळीस वर्षं संपादकाबरोबर काढलेली बाई! मी एक काढलं. मग म्हणाल्या, "आणि अक्कांचं घाल. अंघोळ त्यांनी केली. नुसतं कुटुंब काय लिहितेस?" मी घातलं. पादऱ्याच्या त्यांच्या थोरल्या बहिणीने सुतकाची अंघोळ केली आणि दिवसभर पाणी घेतलं नाही, असं. त्यांनी मान हलवली. "हं. आता पाठव."

तुमच्या गॅलरीत उभं राहून मी ते ग्रुपवर टाकलं. अंगठे आले नाहीत. मग एका पोर्टलवालीचा फोन आला, मॅडम, खरेखर आ मुकुं? खरंच टाकू? म्हटलं, टाक, सगळ्यात वर. त्यानंतर साहेबांचा आला. ते ओरडले नाहीत, त्यांचा आवाज घाबरलेला होता. "डिलीट करी दो, बेन. हजी थाय छे." अजून पुसता येतं.

"थाय छे," मी म्हटलं. "पण करवानुं नथी." येतं, पण पुसायचं नाही.

नोकरीचं काय ते सोमवारी कळेल. बाहेर तुमच्यावर फुलं चढत होती, कुणीतरी मृदुभाषी म्हणत होतं. मी गर्दीतून वाट काढत तुमच्याजवळ येऊन बसले आणि मोठ्याने म्हटलं, बाजूच्यांनी वळून बघितलं तरी म्हटलं. ती बातमी ग्रुपवर फिरत नव्हती, जगदीशराव. मी टाकली.